आधी पाणी, मग वकीलपत्र

हुमनाबादच्या कोर्टाच्या आवारात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो वकिलालाच लागेल, इतके वकील तिथं आहेत. जमिनीचे वकील आहेत, अपघाताचे आहेत, नुसताच काळा कोट घालून दिवसभर चहा पिणारेही आहेत. पण ज्याच्या मागं कुणी उभं राहत नाही त्याच्यासाठी थेट सरकारलाच "का हो, असं का केलंत?" म्हणून विचारणारी वकील एकच, ॲडव्होकेट मैत्रेयी. आणि ती आपल्या पोटची, हे कोंडाबाई बाजारात, बसमध्ये, पिठाच्या गिरणीत, जिथं दोन कान सापडतील तिथं ऐकवत असे. ऐकणाऱ्याला ते आधीच पाठ असलं तरी तिची काही हरकत नसे.

आणि का ऐकवू नये? नवरा नरसिंग कारखान्यात पोती उचलता उचलता छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हा मैत्रेयी दहावीत होती. निर्णा गावच्या घराला कुलूप घालून कोंडाबाई हुमनाबादला आली आणि हायवेवरच्या धाब्यावर भाकरी थापायला लागली. कुठकुठले लॉरीवाले तिच्या भाकरी खाऊन हैदराबादेकडं गेले, आणि त्याच भाकरींवर मुलगी गुलबर्ग्याला लॉ कॉलेजात गेली. भाऊबंद म्हणाले, पोरीला नर्स कर, मास्तरीण कर, वकिली कशाला? कोर्टात इंग्रजी, साक्षीदार कानडी, घरात मराठी, पोरगी मधल्यामध्ये अडकंल. कोंडाबाई म्हणाली, "तीन-तीन भाषेत भांडायला येतंय म्हंजी बरंच हाय की!"

सुरुवातीची वर्षं मैत्रेयीनं सीनियर वकिलाच्या फायली उचलण्यात काढली. मग मन्नाएखेळ्ळीकडच्या काही बायका पिण्याच्या पाण्यासाठी हायवेवर रिकाम्या घागरी मांडून बसल्या, आणि रस्ता अडवला म्हणून त्यांच्यावरच केस झाली. ती केस घ्यायला कुणी धजेना. मैत्रेयीनं घेतली, गुलबर्ग्याला हायकोर्टाच्या खंडपीठापर्यंत नेली आणि रद्द करवून आणली. त्यानंतर कुणाची सभा अडवली, कुणाला गावानं वाळीत टाकलं, कुणाला विनाकारण उचलून नेलं, की लोक तिचं दार विचारत यायला लागले. बार रूममधले वकील तिला 'फुकटवाल्या मॅडम' म्हणत. एकदा तर तिनं अशा माणसाची केस घेतली, ज्यानं बाबासाहेबांच्या जयंतीची कमान पाडायला पुढाकार घेतला होता. पुढं कुठल्याशा दुसऱ्याच भानगडीत त्याला कोठडीत बेदम मारलं होतं. वस्तीतले लोक भडकले. कोंडाबाईनं तर लेकीशी अबोलाच धरला. मैत्रेयी म्हणाली, "वाईट माणसाला बी वकील लागतोय, माय. चांगल्याला तर शेजारी बी सोडवून आणतेत." कोंडाबाईला ते पटलं नाही, पण वाक्य आवडलं, आणि तिनं ते लगेच गिरणीत ऐकवून टाकलं.

घराची पुढची खोली म्हणजे मैत्रेयीचं ऑफिस. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली कायद्याच्या पुस्तकांचं कपाट, एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि दाराशीच तिवईवर कोंडाबाईचा माठ. या ऑफिसात फीचं जमलं तर जमलं, नाहीतर राहिलं, पण पाण्याला सूट नव्हती. आलेल्या माणसानं आधी पाणी प्यायचं, मगच तोंड उघडायचं. नियम मैत्रेयीचा नव्हे, कोंडाबाईचा. माहेरच्या विहिरीवर तिला कधी पोहऱ्याला हात लावू दिला नव्हता. कुणीतरी वरून ओतायचं आणि हिनं खाली ओंजळ धरायची, तेही ओतणारीची मर्जी असेल तेव्हा. ते पाणी ती विसरली नव्हती. आता लोक लेकीच्या दारात येतात ना, मग येऊ द्या की, पण आईच्या हातचं पिऊन आत येऊ द्या.

या माठापाशी भल्याभल्यांची परीक्षा झाली होती. श्रीपतराव म्हणून एक बडे शेतकरी होते. कालव्याच्या मोर्चात त्यांचं नाव गोवलं गेलं, तेव्हा इस्त्रीचं धोतर सावरत तेही आले. पेला बघून म्हणाले, "आज उपवास आहे." कोंडाबाई म्हणाली, "मग उपवास सोडून या." श्रीपतराव दुसऱ्या दिवशी आले आणि मुकाट्यानं पेलाभर पाणी प्यायले. मैत्रेयीला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

"माय, वकील मिळणं हा माणसाचा हक्क हाय. त्याला अट घालायची नसती."

"तुझ्या कायद्यात नसंल," कोंडाबाई म्हणाली. "माझ्या माठात हाय."

त्या मंगळवारी मैत्रेयी गुलबर्ग्याला होती. हायकोर्टात काम असलं की ती तिथंच एका भाड्याच्या खोलीवर राही. थंडीचे दिवस होते, रानात तुरीची रास चाललेली. सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर घोंगडी, कपाळाला भंडारा, पाय धुळीनं भरलेले. मेंढरवाल्यांच्या घरची आहे, हे कोंडाबाईनं लांबूनच ओळखलं.

"वकीलबाईचं घर हेच का, अक्का?"

"हेच. मी तिची माय. बस." कोंडाबाईनं पेला भरून पुढं केला. "आधी पाणी पी."

बाईनं पेल्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "पाणी नको, अक्का. माझं ऐकून घे. माझ्या लेकराला..."

"ऐकते की. आधी पाणी."

"नको."

"मग चहा टाकू?"

"चहा बी नको. मला पाणी चालत न्हाई."

"कामून चालत न्हाई? उपवास हाय?"

बाईचे ओठ सुकून पांढरे पडले होते. ती काहीतरी सांगणार असं वाटलं, पण तिनं शब्द गिळला. "तसंच समज," ती म्हणाली.

कोंडाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पुन्हा उपवास! गरज पडली की लेक चालते, लेकीच्या घरचं पाणी चालत नाही. ती दारात आडवी उभी राहिली. "माझ्या हातचं पाणी चालत न्हाई आन माझी लेक तेवढी चालती व्हय? जा, बाई. पाणी चालायला लागलं की ये."

 बाई पदरानं तोंड पुसून वळली आणि बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागली. कोंडाबाईनं पेल्यातलं पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं आणि "बरं झालं" असं मोठ्यांदा म्हणाली. घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

दुपारी दारात एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. "अक्का, जरा पाणी देतीस का?" त्यानं आपणहूनच मागितलं. कोंडाबाईनं दिलं. त्यानं एका दमात पेला रिकामा केला, दुसरा मागितला, तोही संपवला, आणि मिशा पुसत म्हणाला, "मी रेवणप्पा. मेंढरवाला. माझी बायको, बाणू, इथं आलती का?"

"आलती. पाण्याला शिवली न्हाई. मी लावून दिली."

रेवणप्पा मटकन उंबऱ्यावरच बसला. "अगं माझ्या माय, तिची आण हाय!"

मग त्यानं सगळं सांगितलं. मन्नाएखेळ्ळीच्या पुढं हायवेला लागून एका शेतात त्याची मेंढरं खतासाठी बसवली होती. शेजारच्या धाब्यावर उभ्या असलेल्या लॉरीतलं डिझेल कुणीतरी काढून नेलं. ड्रायव्हर म्हणाला, घोंगडं पांघरलेला एक जण पळताना दिसला. थंडीत या मुलखात दर दुसरा माणूस घोंगडं पांघरतो, पण जवळ सापडला तो रेवणप्पाचा मुलगा मल्लेश. काल सकाळी पोलिसांची जीप आली आणि त्याला आत घालून घेऊन गेली. ठाण्यावर विचारायला गेलं तर म्हणतात, असा कुणी पोरगा आम्ही आणलेलाच नाही. कुठलं ठाणं ते मी इथं सांगत नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीची उगीच साळसूद ठरतील.

"आज सकाळी तिनं मैलार देवाची आण घेतली," रेवणप्पा म्हणाला. "लेकराचं तोंड बघितल्याबिगर पाणी प्यायचं न्हाई. दूध चालतंय, पाणी न्हाई. आन असली आण आपल्या तोंडानं बोलून दाखवायची नसती, न्हाईतर फळत न्हाई. मग ती तुला सांगंल कशी?"

"तू तर सांगितलास की!"

"आण तिची हाय. माझी कुठं हाय?"

 पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, हे तिनं लेकीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिला त्रिशरणासारखं पाठ होतं. आणि जे ठाणं 'आणलाच नाही' म्हणतं, तिथं आणलेल्या पोराचं काय होतं, हेही तिनं याच खोलीत बसून लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या पोराची आई सकाळीच दारात आली होती, आणि आपण तिला हाकलली. विहिरीवरच्या बायका आपल्याला हाकलायच्या तशी. कोंडाबाईला स्वतःची शरम वाटली, अशी की म्हाताऱ्याकडं बघवेना.

तिनं मैत्रेयीला फोन लावला. कोर्टात असली की तिचा फोन बंद असे. रेवणप्पाला रानातल्या मेंढरांकडं परतणं भाग होतं. कोंडाबाईनं बाटली भरून पिशवीत टाकली, दाराला कुलूप घातलं आणि बसस्टँड गाठलं. बाणूबाई एका खांबाला टेकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येक बसकडं बघत होती, आणि कुठल्या बसमध्ये बसावं हे तिला ठाऊक नव्हतं.

"ऊठ, बाणू. गुलबर्ग्याला जायचंय. माझी लेक तिकडंच हाय."

बाणूबाई घाबरून म्हणाली, "अक्का, पाणी तेवढं..."

"पाण्याचं नाव काढू नकोस," कोंडाबाई म्हणाली आणि तिच्या हाताला धरून तिला उठवलं.

बसमध्ये दोघी शेजारी शेजारी बसल्या.  कोंडाबाईच्या घशाला कोरड पडली होती. दोनदा तिचा हात पिशवीत गेला, पण शेजारचे ते वाळलेले ओठ दिसले की हात आपोआप माघारी यायचा. हिच्यासमोर कसं प्यायचं?

खोलीवर पोचल्या पोचल्या तिनं लेकीला सरळ सांगून टाकलं. "हिला मी सकाळी दारातून लावून दिली. पाणी पिली न्हाई म्हणून."

मैत्रेयीनं आईकडं बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "माय, आजची दुपार त्या पोरानं उगीच आत काढली." आणि लॅपटॉप उघडून बसली. कोंडाबाईला जन्मभर पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं होतं, पण इतकं कधी लागलं नव्हतं.

मैत्रेयी बाणूबाईला एकेक गोष्ट विचारत गेली. जीप कुणी कुणी बघितली, अंगावर काय होतं, ठाण्यावर कोण काय म्हणालं. बाणूबाई अर्धी कानडीत, अर्धी मराठीत सांगत होती. लिहून झाल्यावर मैत्रेयीनं सगळं तिला कानडीत वाचून दाखवलं, मगच अंगठा घेतला. "उद्या कोर्टाला एकच मागायचं, मावशी," ती म्हणाली. "माणूस आमच्यापुढं आणून उभा करा. चोर हाय का साव ते मागून बघू. आधी तो धडधाकट दिसू दे." बाणूबाईला तिनं दूध तापवून दिलं. आईला विचारलं, "चहा?" कोंडाबाई म्हणाली, "मला नको."

इतक्या वर्षांत कोंडाबाई हायकोर्टात कधी गेली नव्हती. जा म्हटलं की साडीचं, गुडघ्याचं निमित्त सांगायची. खरं म्हणजे तिला भीती वाटायची. आपण गेलो आणि नेमकी त्याच दिवशी लेक हरली तर? दुसऱ्या दिवशी मात्र ती बाणूबाईचा हात धरून मागच्या बाकावर जाऊन बसली.

वर दोन न्यायमूर्ती, खाली काळ्या कोटांची गर्दी. नाव पुकारलं आणि मैत्रेयी उभी राहिली. इंग्रजीतलं एक अक्षर कोंडाबाईला कळत नव्हतं. पण आवाज कळत होता. घरात "माय, मीठ कुठं ठेवलीस?" म्हणून विचारते त्याच आवाजात मुलगी न्यायमूर्तींशी बोलत होती. ना चढा, ना पडका. सरकारी वकिलानं उठून काहीतरी सांगितलं. मधेच 'मल्लेश' हे नाव आलं आणि पाठोपाठ 'नो' आलं. तेवढं कोंडाबाईला समजलं. म्हणजे आजही 'आणलाच नाही'! मैत्रेयी पुन्हा उठली. या वेळी ती जरा जास्त बोलली, बोट टेबलावर टेकवून. मोठे न्यायमूर्ती कागदांतून मान वर करून तिच्याकडं बघायला लागले.

मग त्यांनी मागच्या बाकांकडं बघत कानडीत विचारलं, "आई आली आहे का?"

बाणूबाई उभी राहिली. आणि कोंडाबाईही उभी राहिली. कशी राहिली ते तिला कधीच सांगता आलं नाही. आई आली आहे का म्हणून विचारलं, ती आली होती, ती उभी राहिली.

"यातली आई कोण?" न्यायमूर्तींनी विचारलं.

मैत्रेयीनं मागं वळून बघितलं आणि त्या सकाळी पहिल्यांदाच अडखळली. "घोंगडीवाल्या आहेत त्या मुलाच्या आई," ती कानडीतच म्हणाली. "दुसऱ्या... दुसऱ्या माझ्या आई, मिलॉर्ड."

कोर्टात हलकासा हशा पिकला. न्यायमूर्तीही हसले. म्हणाले, "दोघीही बसा." कोंडाबाई बसली ती पाठ ताठ करून. भर हायकोर्टात, एवढ्या कोटवाल्यांसमोर, लेकीनं तिला 'माझी आई' म्हटलं होतं. धाब्याच्या धुरात घालवलेली सगळी वर्षं त्या क्षणी वसूल झाली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

न्यायमूर्तींनी सांगितलं, पोराला आजच, कोर्ट उठायच्या आत इथं हजर करा. जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी वकील उठले आणि म्हणाले की मल्लेशला फक्त चौकशीसाठी बोलावलं होतं. सकाळी जो नव्हताच, तो दुपारी चौकशीला बोलावलेला निघाला. उन्हं कलताना त्याला आणलं. एक गाल सुजलेला, चालताना पाय ओढत होता, घोंगडं कुठं गेलं कुणास ठाऊक. न्यायमूर्तींनी त्याला जवळ बोलावून स्वतः विचारलं. मग हुकूम झाला. मुलगा आत्ता, इथूनच सुटला. त्याची डॉक्टरी तपासणी करा. पुढं चौकशी हवी असेल तर लेखी नोटीस द्या. आणि ज्यांनी 'आणलाच नाही' म्हणून कळवलं, त्यांनी का कळवलं ते कोर्टात येऊन सांगा.

बाहेर आवारात मल्लेश आईच्या पायाशी वाकला. बाणूबाईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, सुजलेल्या गालावरून बोट फिरवलं, डोळे भरून बघितलं. मग ती कोंडाबाईकडं वळली आणि म्हणाली, "अक्का, आता पाणी दे."

कोंडाबाईनं पिशवीतून बाटली काढून दिली. बाणूबाईनं झाकणाला हात घातला आणि थांबली. काल हुमनाबादला भरलेली बाटली तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती.

"कोंडाक्का, तू बी न्हाई पिलीस की गं कालपसनं!"

"मला तान लागली न्हाई," कोंडाबाई म्हणाली. घसा इतका कोरडा होता की तेवढं खोटंही धड बाहेर पडेना.

बाणूबाईनं झाकण काढलं आणि बाटली तिच्याच हातात दिली. "आधी तू पी."

कोंडाबाई नको नको म्हणाली, पण बाणूबाई ऐकेना. तेव्हा ती सवयीनं मान मागं टाकून, बाटली उंच धरून, वरून प्यायली. जन्मभर तिला तसंच पाणी मिळालं होतं. मग बाटली बाणूबाईकडं गेली. बाणूबाईनं सरळ ओठ लावले आणि घटाघटा प्यायला लागली. पाणी तिच्या हनुवटीवरून घोंगडीवर सांडत होतं. मधे श्वास घ्यायला थांबली, बाटली परत कोंडाबाईपुढं धरली. या वेळी कोंडाबाईनंही ओठ लावले.

एवढ्यात मैत्रेयी कोट हातावर टाकून आली. दिवसभर बोलून तिचा आवाज बसला होता. "मला ठेवलंत का काही?" तिनं विचारलं. तळाशी घोटभर उरलं होतं. मैत्रेयीनं ते तोंड लावून संपवलं आणि रिकामी बाटली आईच्या पिशवीत टाकली.

"मैत्रेयी," कोंडाबाई म्हणाली, "उद्यापसनं आधी वकीलपत्र. पाणी मागून."

"आन कुणी पिलंच न्हाई तर?"

"न पिऊ दे की," कोंडाबाई म्हणाली. "तू त्याला बी सोडवून आणणारच हाईस."